मोडीत देण्याआधी एकदा उघडून बघा!

आजोबा-पणजोबांचं साखळीचं घड्याळ घरात पडून आहे? चांदीचा भाव बघून ते सोनाराकडे न्यायचा विचार असेल, तर जरा थांबा. त्या छोट्याशा डबीत काय काय दडलेलं असू शकतं, ते आधी वाचा.

शहापूर घ्या नाहीतर मुरबाड, जुन्या घरात पत्र्याची एक ट्रंक असतेच. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, आजीचं लुगडं, बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणि तळाशी रुमालात गुंडाळून ठेवलेलं काहीबाही. समजा, त्या रुमालातून एक गोल, जड, साखळीचं घड्याळ निघालं. तुम्ही काय कराल? एक फोटो काढाल, स्टेटसला टाकाल. दोन दिवसांनी घरातलंच कुणीतरी म्हणेल, ‘चांदीचं दिसतंय, मोडीत देऊन टाकू.’

मोडीत गेलं की पुढे काय होतं, माहितीये? आतलं मशीन काढून बाजूला ठेवतात आणि नुसती डबी वजनकाट्यावर जाते. पैसे मिळतात ते धातूचे. ज्या मशीनसाठी कुणीतरी महिनोन् महिने डोळे फोडले, त्याचा भाव शून्य. सोन्या-चांदीचे भाव चढले की जगभर हेच होत आलंय. म्हणूनच डबी नसलेली, पोरकी मशिन्स आज जुन्या बाजारात ढिगाने दिसतात.

जुनी खिशातली घड्याळं जमवणारे लोक असतात. त्यातही काही जण फक्त गुंतागुंतीची घड्याळं शोधतात. हा श्रीमंतांचा नाद आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो आपल्या आसनगाव-कसारा लाइनपासून म्हशाच्या जत्रेपर्यंत जातो. आधी ही गुंतागुंत म्हणजे काय, ते बघू.

कॉम्प्लिकेशन म्हणजे कौतुक

एरवी कॉम्प्लिकेशन म्हटलं की आपल्याला हॉस्पिटल आठवतं. घड्याळवाल्यांच्या भाषेत मात्र हा कौतुकाचा शब्द आहे. वेळ दाखवण्यापलीकडे घड्याळ जे जे जास्तीचं काम करतं, ते प्रत्येक काम म्हणजे एक कॉम्प्लिकेशन. बॅटरी नाही, चिप नाही. चावी देऊन ताणलेली एक स्प्रिंग, दातेरी चाकं आणि चिमुकल्या तरफा, बस्स.

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे रिपीटर. घड्याळाच्या कडेला एक छोटी पट्टी असते. ती सरकवली की आतले बारीक हातोडे तारेवर ठोके देऊन वेळ सांगतात. तासांचे ठोके जाड आवाजाचे, पाऊण-अर्ध्या-पाव तासाचे जोडठोके आणि उरलेल्या मिनिटांचे बारीक आवाजाचे. म्हणजे तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली असतील, तर तीन जाड, दोन जोडठोके आणि पाच बारीक. सगळ्यात लांबलचक मैफल बारा वाजून एकोणसाठ मिनिटांची: बारा, मग तीन जोड, मग चौदा!

हे कशाला हवं होतं? रात्री वेळ कळावी म्हणून. लाइट नव्हते, काडेपेटीही यायची होती. अंधारात पांघरुणातूनच हात घालायचा, पट्टी सरकवायची आणि ऐकायचं. १६८७ मध्ये लंडनमध्ये रिपीटर घड्याळाच्या हक्कावरून भांडण लागलं, तेव्हा राजा दुसरा जेम्सने डॅनियल क्वेअर या कारागिराच्या बाजूने कौल दिला होता. पावसाळ्यात रात्रभर लाइट गेली की आपल्याकडेही रिपीटरची गरज कळेल!

दुसरा प्रकार क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातच बसवलेलं स्टॉपवॉच. १८२१ मध्ये पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोला रियुसेकने अशी वेळ मोजली. त्याचं यंत्र तबकडीवर चक्क शाईचा ठिपका उमटवायचं. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीचा घाट आठवा, म्हणजे सेकंदाच्या तुकड्यासाठी माणसं किती जीव टाकतात ते लक्षात येईल.

तिसरा, पर्पेच्युअल कॅलेंडर. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा आणि फेब्रुवारी कधी एकोणतीसचा, हे या घड्याळाला ‘पाठ’ असतं. आत चार वर्षांत एकच फेरी मारणारी चकती असते. तिच्या कडेला कमी-जास्त खोल खाचा असतात. खाच जितकी खोल, तितका महिना लहान. मात्र २१०० साल चारने भाग जात असूनही लीप वर्ष नाही. त्यामुळे त्या वर्षीच्या १ मार्चला ही सगळी हुशार घड्याळं चुकतील आणि माणसाला हाताने तारीख पुढे करावी लागेल.

काठी रोवा, घड्याळ समजेल

काही घड्याळांत एक जास्तीचा काटा असतो. तो आजचा सूर्य घड्याळाच्या किती पुढे किंवा मागे आहे, हे दाखवतो. वाचायला अवघड वाटतं, पण याचा प्रयोग तुम्ही शहापूरच्या अंगणात फुकटात करू शकता.

अंगणात सरळ काठी रोवा. तिची सावली सगळ्यात आखूड झाली की तुमच्या गावची खरी दुपार झाली. मोबाइलमध्ये बघा, बारा वाजलेले नसतील! आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि शहापूर-मुरबाड साधारण ७३.३ ते ७३.४ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्याकडची खरी दुपार सरासरी १२ वाजून ३७ मिनिटांच्या आसपास होते.

गंमत पुढे आहे. हा प्रयोग नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलात तर सावली १२:२० च्या सुमारासच आखूड होईल. फेब्रुवारीच्या मध्यावर केलात तर १२:५० वाजतील. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि सूर्याभोवतीची तिची वाट थोडी लांबट आहे, त्यामुळे हा फरक वर्षभर बदलत राहतो. हा बदल एका वाटाण्याच्या आकाराच्या चकतीवर कोरून खिशात घालायचा, हे त्या कारागिरांनी करून दाखवलं.

चंद्राचंही तसंच. म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, हे मुरबाडकराला वेगळं सांगायला नको. तिथी बघायला आपल्याकडे पंचांग आणि भिंतीवरचं कॅलेंडर असतं. चंद्रकलेच्या घड्याळात एक निळी चकती असते, तिच्यावर दोन चंद्र रंगवलेले आणि कडेला ५९ दाते. रोज एक दाता पुढे. एक चंद्र मावळला की दुसरा उगवतो, म्हणजे एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस. खऱ्या चंद्राला मात्र एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं लागतात. ही ४४ मिनिटं साठत जातात आणि साधारण दोन वर्षं आठ महिन्यांत घड्याळ एक दिवस चुकतं. मग हाताने चंद्र मागे घ्यायचा! यापेक्षा बारीक दातांची चाकं लावली तर हीच चूक व्हायला १२२ वर्षं लागतात.

गावचा टाइम, रेल्वेचा टाइम

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपातलं. आपल्याकडे खिशातलं घड्याळ आलं कुठून? एक मोठी वाट रेल्वेची.

ठाण्यापर्यंत गाडी आली १८५३ मध्ये. १८५५ मध्ये ती वासिंदला पोहोचली, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. म्हणजे आज आपण ज्या लोकलला लटकतो, त्या मार्गावर दीडशेहून जास्त वर्षं गार्ड आणि ड्रायव्हर घड्याळाकडे बघत काम करतायत. कसारा घाटातला चढ ३७ फुटांना एक फूट आहे. गाडी चढवायला अजूनही जादा इंजिनं जोडावी लागतात. अशा ठिकाणी ‘वेळ साधारण झाली असेल’ असं म्हणून चालत नाही.

१८९१ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन गावाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं, असं त्या अपघाताबद्दल सांगतात. त्यानंतर तिकडे रेल्वेच्या घड्याळांची कडक तपासणी सुरू झाली. रेल्वेच्या घड्याळात चंद्रबिंद्र नसायचा. मोठे आकडे, ठळक काटे आणि अचूकपणा, हेच त्याचं सौंदर्य.

आणि वेळ तरी कुणाची? १८७० च्या सुमारास देशभरातली रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायला लागली. मुंबईची स्वतःची वेळ होती आणि ती मद्रासपेक्षा सुमारे अर्धा तास मागे. म्हणजे शहरात दहा वाजलेले असताना रेल्वेच्या घड्याळात साडेदहा! १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने ती लगेच मानली नाही. ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि तो १९५० च्या दशकापर्यंत टिकून राहिला. तुमच्या पणजोबांचं घड्याळ नेमकी कुठली वेळ दाखवत होतं, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

या घड्याळांचा बाजार मुंबईत होता. फावर-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत धंदा करत होती. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८० च्या दशकात मुंबईतच उभी राहिली. मशीन स्विस, गिऱ्हाईक इथलं. तिच्या ‘सोवार’ या मॉडेलचं नाव आपल्या ‘स्वार’ शब्दावरून आलंय. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याचं घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली कंपनीचं. याच कंपनीची खिशातली घड्याळं आज संग्राहक शोधत फिरतात.

राजाचं, रंकाचं आणि गांधीजींचं

गुंतागुंतीच्या घड्याळांचे किस्से थ्रिलर वेबसिरीजला लाजवतील असे आहेत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीकडे ऑर्डर आली: तेव्हा माहीत असलेली सगळी कॉम्प्लिकेशन्स एकाच घड्याळात हवीत. राणीला १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं. ब्रेगे १८२३ मध्ये गेला. घड्याळ पूर्ण झालं १८२७ मध्ये. पुढे १९८३ मध्ये जेरुसलेमच्या संग्रहालयातून ते चोरीला गेलं आणि वीसपेक्षा जास्त वर्षांनी सापडलं.

न्यूयॉर्कचा बँकर हेन्री ग्रेव्हज याने १९२५ मध्ये पाटेक फिलिप कंपनीला असंच एक घड्याळ सांगितलं. २४ कॉम्प्लिकेशन्स, त्यात त्याच्या घरावरच्या रात्रीच्या आकाशाचा नकाशासुद्धा. ते हातात पडायला १९३३ उजाडलं. २०१४ मध्ये जिनिव्हात त्याचा लिलाव झाला, सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरना.

पण मला यापेक्षा जवळचं वाटतं ते गांधीजींचं घड्याळ. झेनिथ कंपनीचं, चांदीचं, गजराचं. गजर हेसुद्धा एक कॉम्प्लिकेशनच. प्रार्थनेची वेळ पाळणाऱ्या माणसाला तेवढं एकच पुरेसं होतं. १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात ते चोरीला गेलं आणि काही महिन्यांनी चोराने स्वतः येऊन माफी मागून परत केलं, असं सांगितलं जातं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला आणि ताट-वाटीबरोबर ते १८ लाख डॉलरना गेलं. ते पैसे चांदीचे होते का? नाही. ते घड्याळ कुणाच्या कमरेला होतं, याचे होते.

जमवणं म्हणजे काय, ते पुण्याच्या दिनकर केळकरांकडून शिकावं. १८९६ चा जन्म. त्यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू गोळा केल्या. लोकांच्या लेखी ती अडगळ होती. हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारला दिला. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं असलेलं ते संग्रहालय आज लोक तिकीट काढून बघतात. केळकरांनी लिलावात करोडो ओतले नाहीत. मोडीत जाणारी वस्तू वेळेवर ओळखली.

‘मुंबई स्पेशल’पासून सावधान

हे वाचून लगेच चोर बाजार गाठायचा बेत असेल, तर एक शब्द लक्षात ठेवा: ‘मुंबई स्पेशल’. जगभरचे संग्राहक हा शब्द वापरतात आणि तो कौतुकाचा नाही. एका घड्याळाची डबी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वर नव्याने रंगवलेली चकचकीत डायल, अशी जोडगाडी करून ‘ओरिजिनल’ म्हणून विकलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. मनगटी घड्याळात हे फार चालतं, खिशातलीही सुटलेली नाहीत. शंभर वर्षांचं घड्याळ आणि डायल मात्र कालची वाटतेय? मग ती कालचीच असणार.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेकोने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि चावीची घड्याळं मागे पडली. दुरुस्तीच्या टपरीवर आता मुख्य काम उरलंय सेल आणि पट्टा बदलण्याचं. एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. एचएमटीने अंध माणसांसाठी बोटांनी चाचपून वेळ कळेल असं ब्रेल खिशातलं घड्याळही बनवलं होतं. डोळ्याला भिंग लावून चावीचं घड्याळ पूर्ण उघडणारी, धुणारी आणि पुन्हा जोडणारी माणसं आता बहुतेक साठीपुढची आहेत. रिपीटर उघडणारा तर सापडला तर नशीब. घड्याळं शंभर वर्षं टिकली, ती दर काही वर्षांनी त्यांना असे हात लागले म्हणून. हे हात थांबले तर उरलेली घड्याळं शोपीस होतील.

म्हणून खरं सांगायचं तर तुमच्या ट्रंकेत रिपीटर सापडायची शक्यता फारच कमी आहे. बहुतेक वेळा साधं, छोट्या सेकंद-काट्याचं घड्याळच निघेल. तरी ते मोडीत जाऊ देऊ नका. ते कुणाचं होतं, कुठल्या नोकरीत मिळालं, ते कुणी विकत घेतलं, हे सांगणारं माणूस आज घरात आहे. कुठलंही लिलावघर ही माहिती नंतर विकत आणू शकत नाही.

घड्याळ सापडलं तर… (सेव्ह करून ठेवा)

• बटणं आणि पट्ट्या बघा. कडेला सरकणारी पट्टी असेल तर रिपीटर असू शकतो. जास्तीचं बटण असेल तर क्रोनोग्राफ. डायलवर चंद्राची खिडकी किंवा छोट्या तबकड्या असतील तर कॅलेंडर. कडेची पट्टी अर्धवट ओढू नका. जुन्या रिपीटरमध्ये अर्धवट ओढलं की ठोके चुकतात.

• चावी दाबून भरू नका. आतलं तेल वाळून डिंक झालेलं असतं. तसंच चालवलं तर चाकं झिजतात. खोबरेल तेल, शिलाई मशीनचं तेल काहीही सोडू नका.

• घासू नका. चिंच, राख, पॉलिश यांनी डबी चमकेल, पण कोरलेली नावं आणि शिक्के पुसले जातील. त्याच शिक्क्यांवरून चांदी कुठली आणि घड्याळ कुठलं, ते कळतं. ०.८०० किंवा ०.९३५ असा आकडा म्हणजे चांदीचं प्रमाण.

• मागचं झाकण सुरीने उचकटू नका. काही झाकणं बिजागरीची, काही आट्यांची, तर काही घड्याळं पुढूनच उघडतात. जाणकाराकडूनच उघडून घ्या आणि उघडल्यावर मशीनचा, नंबरचा फोटो काढून ठेवा.

• अंधारात चमकणारे आकडे असतील तर डायल खरवडू नका. शंभर वर्षांपूर्वी त्या रंगात रेडियम असायचं. चमक गेली तरी त्याचा किरणोत्सर्ग जात नाही. ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये. काच फुटलेली असेल तर घड्याळ पिशवीत बंद करून ठेवा.

• विकायचंच असेल तर कायदा बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तशी वस्तू खासगी माणसाला परदेशात पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. ऑनलाइन कुणी परदेशी गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं, तर हे आठवा.

• मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा. आजी-आजोबांना घड्याळ हातात द्या आणि बोलतं करा. नाव, गाव, साल, नोकरी. एका कागदावर लिहून तो घड्याळाबरोबरच ठेवा. मोडीत काढायचं की नाही, हे घरात त्यानंतर ठरवा.